रहमतबीचा मरीज

रहमतबी आमच्या घरात पहिल्यांदा शिरली तेव्हा तिने सलाम केला नाही, बसायला पाट मागितला नाही, घरात कोण कोण असतं हेही विचारलं नाही. चपला दारात काढल्या, मोरीवर कोपरापर्यंत हात धुतले, सरळ नानांच्या खाटेपाशी गेली, त्यांच्या अंगावरची चादर पायाकडून वर केली आणि वाकून त्यांच्या टाचांचा वास घेतला.

मी दारातच खिळले. लग्न होऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाय मी नमस्कारापुरतेच पाहिले होते. आणि ही कुठली कोण बाई त्यांच्या टाचा हुंगत होती!

"टाच सडती पयले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दवाखान्यात पाठ बघतेत. टाच कुनी बघत न्हाई."

मग तिने नानांना एका कुशीवर वळवलं. माकडहाडाजवळची जखम पाहिली, तिच्याभोवतीची कातडी दोन बोटांनी दाबून पाहिली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं.

"बेटी, जुनं धोतर हाय का घरात? मऊ पायजे. लई धुतलेलं."

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल होतं. आम्ही हैदराबादेत, जामबागेत राहत होतो. घरात माणसं तीनच. नाना, माझे यजमान माधवराव, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नाना निजाम सरकारच्या तालीम खात्यात शाळा तपासणीस होते आणि आता वजीफ्यावर, म्हणजे निवृत्त होऊन घरी होते. उर्दूत शिकलेले. बाहेर जाताना शेरवानी, घरात सोवळं. आवाज कधी चढलेला नाही, शब्द कधी घसरलेला नाही. संक्रांतीनंतर न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं. सहा आठवडे सरकारी दवाखान्यात पायाला वजन लटकावून त्यांना ठेवलं होतं. घरी पाठवताना डॉक्टर आमच्याशी नीट बोलले.

"हाड जुळेल तेवढं जुळलंय. यापुढे आमच्याकडे करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "या वयात माणूस हाडामुळे जात नाही, पडून राहिल्यामुळे जातो. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. तुम्ही घरी काय करता त्यावर सगळं आहे."

आम्ही काय करणार होतो? आम्हाला वाटत होतं, दवाखान्यातून घरी आणलं म्हणजे माणूस बरा झाला. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की मला काहीसुद्धा येत नाही. नानांना कुशीवर कसं वळवायचं ते येत नाही, खालची चादर कशी बदलायची ते येत नाही. ते लाजेने भांडं मागायचे नाहीत, मी लाजेने विचारायची नाही. भांडं मागावं लागू नये म्हणून ते पाणीच प्यायचे नाहीत. पाचव्या दिवशी त्यांना ताप चढला. तेव्हा हे दवाखान्यात धावले आणि तिथल्या नर्सबाईंनी नाव सांगितलं. रहमतबी. वीस वर्षं वॉर्डात आया होती, आता अंबरपेठेत घरी असते. उस्मानाबादेकडची आहे, मराठी बोलते. ती आली तर वाचतील.

तर ती आली. पंचावन्नच्या पुढची, उंच, हाडापेराने मोठी. केस मेंदीने लालभडक. आमच्याशी मराठी आणि दखनी एकातच कालवून बोलायची. धोतराच्या पट्ट्या फाडून तिने डोक्यावरच्या घागरीखाली ठेवतात तशा चुंबळी वळल्या. दोन लहान, टाचांखाली. एक मोठी, कमरेखाली. जखम कशालाच टेकू नये म्हणून. चादरीवरून तळहात फिरवून ती पोळीचे कण शोधायची. एखादा सापडला की बोटावर घेऊन मला दाखवायची. "ये रोटी नहीं, बेटी. ये छुरी है." खाट भिंतीकडून काढून तिने खिडकीला लावायला सांगितली. का, तर रस्त्यावर कोण चाललंय हे बघायला नाना मान वर करतील.

नानांच्या खोलीत जाताना ती दार वाजवायची. आत पडलेला माणूस उठून दार उघडणार नव्हता, दार सताड उघडंच असायचं, तरी ती चौकटीवर दोनदा बोट आपटून "साब, आऊं?" म्हणून विचारायची आणि नाना "आइए" म्हणाले की मगच पाऊल टाकायची. आम्ही घरातली माणसं, आम्ही दिवसातून पन्नास वेळा न विचारता आत-बाहेर करत होतो.

शिवाशिवीचं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. पाण्याच्या माठाला हात लावायची नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची नाही. पाणी मी द्यायचं. पण तेही तिच्या मर्जीने. एका दुपारी तिने मला तांब्या-भांडं घेऊन बोलावलं आणि म्हणाली, "तिथं ठेव. खिडकीत." खिडकी नानांच्या हातापासून वीतभर लांब होती.

"त्यांना पोचणार नाही," मी म्हटलं.

"ठेव."

थोड्या वेळाने नानांनी हाक मारली, "सूनबाई, पाणी." मी पुढे झाले तर रहमतबीने माझं मनगट धरलं. घट्ट. नाना एकदा माझ्याकडे बघतात, एकदा भांड्याकडे. मला रडू फुटायची वेळ आली. तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी न देणारी बाई आम्ही घरात घेतली होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते. नानांनी शेवटी दात आवळले, खाटेची कड धरली, सगळं अंग खेचलं आणि भांड्याला हात घातला. निम्मं सांडलं, निम्मं प्यायले. धापा टाकत म्हणाले, "बीबी, आप बहुत ज़ालिम हैं."

"हौ साब," ती म्हणाली. "कल थोडा और दूर."

कफ छातीत साठू नये म्हणून ती त्यांच्याकडून रोज सकाळी मोठ्याने स्तोत्रं म्हणवून घ्यायची आणि संध्याकाळी उर्दू शेर. अर्थाशी तिला कर्तव्य नव्हतं. "गले से नक्को साब, छाती से," एवढंच. पुढच्या आळीपर्यंत आवाज गेला की ती खूश व्हायची.

ज्या दिवशी तिने त्यांना पहिल्यांदा उभं केलं, त्या दिवशी मात्र शेजारपाजारचे धावत आले. नानांच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की मला वाटलं हाड पुन्हा मोडलं. ते तिच्या खांद्यांना लोंबकळत होते, चेहरा पांढराफटक, आणि ही त्यांना सांगत होती, "गाली देव साब. मेरेकू गाली देव. ताकत आती."

"मी... मी नाही देत शिव्या," नाना कसेबसे म्हणाले.

"तो फिर गिर जाव."

आणि नानांनी शिवी दिली. उर्दूतली, अस्सल, लांबलचक. त्यांना ती येत होती हेच आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. दारात उभ्या असलेल्या शेजारणीने कानांवर हात ठेवले. रहमतबीचे डोळे चमकले. "बस. अब बैठो." पुढचे तीन दिवस नाना तिची माफी मागत होते. चौथ्या दिवशी उन्हात खाट टाकून बसवलं तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "सूनबाई, आजपासून मला पाणी रहमतबींनी दिलं तरी चालेल. घरात कुणाला काही वाटलं तर ते माझ्याशी बोलतील." घरात कोण होतं बोलायला? आम्ही दोघं. पण त्या दिवशी नाना तिच्या हातचं पाणी गटागटा प्यायला लागले तेव्हा मी तोंड फिरवलं, खोटं कशाला सांगू.

जून उजाडला तेव्हा ते भिंतीला धरून चार पावलं टाकत होते आणि शहराची रया गेली होती. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, आम्ही मात्र निजामाच्या राज्यात कोंडलेले. रझाकारांच्या कवायती भर रस्त्यात चालायच्या. ओळखीपाळखीची घरं एकेक करून कुलूप लावून सोलापूर, नागपूर, बेजवाड्याकडे निघाली होती. हे शाळेत शिकवायचे आणि चोरून पत्रकं वाटायचे. ह्यांच्याबरोबरच्या एका मास्तरांना शाळेतून धरून नेलं आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला की ह्यांचंही नाव यादीत आहे.

नानांना हलवणं शक्य नव्हतं. तासन् तास गाडीत बसणं, सरहद्दीवरची झडती, धक्काबुक्की, काहीच त्यांना झेपलं नसतं. मी म्हटलं, मी राहते. नानांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "तरण्या सुनेला या गावात ठेवलं तर मला काळजीनेच मरण येईल. तुम्ही दोघं सोलापूरला जा. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि तुम्ही?"

नानांनी रहमतबीकडे पाहिलं. ती चुंबळ वळत होती. तिने मान वर केली नाही. "साब मेरे मरीज हैं," म्हणाली. "मरीज को छोडको मैं किधर जातूं?"

आम्ही गेलो. जेवणाचं शेजारीण बघणार होती, तरी आपल्या माणसाला परक्या बाईच्या हवाली करून आम्ही गेलो. गाडी सुटली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच अशी भीती वाटली की मी सोलापूर येईपर्यंत पदर तोंडात धरून बसले होते.

पंधरा दिवसांचे चार महिने झाले. टपाल बंद, गाड्या बंद. नाना आहेत की नाहीत हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. सप्टेंबरात फौजा हैदराबादेत शिरल्या, पाच दिवसांत सगळं आटोपलं. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद हिंदुस्थानात आलं. सोलापुरात आम्ही रस्त्यावर गुलालात न्हालो. हे ढोलापुढे नाचले. गाड्या सुरू झाल्या तशी दसऱ्यानंतर पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही परतलो.

टांगा आमच्या दाराशी थांबला. ह्यांनी कडी वाजवली. आतून काठीचा आवाज आला. टक, टक, थांबून परत टक. दार उघडलं तर समोर नाना. उभे! एकटे! उंबऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी आलेले. हे मटकन खाली बसले आणि त्यांच्या पायांना मिठी मारून लहान पोरासारखे रडायला लागले. "अरे सोड, पाडशील," नाना म्हणाले. "रहमतबी रागावतील."

ती मागे अंगणात उभी होती. मी धावत गेले. पुडा फोडला आणि पेढा तिच्या हातात ठेवला. हातावर नाही टाकला, हातात ठेवला, आणि मला वाटलं मी केवढी मोठी गोष्ट केली. हेही आले. "रहमतबी, सुटलो! आता आपण सगळे सुटलो!"

तिने पेढ्याकडे पाहिलं. मग तो तोंडात घातला, चावला, गिळला. माझ्या गालावरून हात फिरवला.

"मुबारक हो बेटी," म्हणाली. "तुमचं समदं मानूस परत आलं."

दुपारी जेवणं झाल्यावर नाना रंगात आले. म्हणाले, तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी माधवला शोधायला रझाकार आले होते. चौघे होते, दोघांकडे भाले. रहमतबी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, आत मरीज आहे, जोडे काढा. "आणि काढले हो त्यांनी! मी आतून ऐकतोय. मग आत आले, कपाटं उघडतायत, कागद उपसतायत. ही त्यांच्यातल्या एका दांडग्या मिशीवाल्याला म्हणाली, खाली हाथ कायकू खडे? इधर आव. साब का पांव पकडो, चादर बदलनी है. तो भाला भिंतीला टेकवून माझा पाय धरून उभा राहिला! हिने सावकाश, जराही घाई न करता, चादर बदलली. त्याला म्हणाली, ऊपर पकडो, दुखता उनकू. जाताना तो मला सलाम करून गेला."

आम्ही हसून हसून लोळलो. रहमतबी उंबऱ्याबाहेर बसून नानांच्या काठीला तळाशी कापड गुंडाळत होती. तीसुद्धा हसल्यासारखी वाटली.

तीन दिवस असे गेले. ती सकाळी यायची, नानांना अंगणात फिरवायची, मालिश करायची, संध्याकाळ व्हायच्या आत जायची. बोलायची कमी, पण मला वाटलं थकली असेल. मी तिला सोलापूरच्या गमती सांगायची. गुलाल कसा उधळला, फटाके कसे वाजले, सगळं. ती "हौ", "अच्छा" म्हणत ऐकायची.

चौथ्या दिवशी ती गेल्यावर मी नानांना तेच काहीतरी सांगत होते. नानांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

"सूनबाई, तिच्यासमोर हे नका बोलत जाऊ."

"का? तिला काय रझाकारांचं सुतक आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

नाना म्हणाले, "सुतक आहे. भावाचं. त्याच्या दोन मुलांचं. एका सुनेचं."

मला काही कळेना.

"गावाकडे," ते म्हणाले. "फौजा पुढे गेल्यावर मागून गावागावांतून जे झालं ते. सूड घ्यायला लोक निघाले, आणि ज्यांनी काही केलं होतं ते तर कधीच पळून गेले होते. तिचा भाऊ पिंजारी होता. गाद्या भरायचा. गावातल्या प्रत्येक लग्नातली गादी त्याने भरलेली. ओळखीच्या माणसांनीच मारलं. बायकांनी विहिरीत उड्या टाकल्या."

"तिला... तिला कधी कळलं?"

"तुम्ही यायच्या बारा दिवस आधी."

मी पुडा फोडला होता. मी पेढा तिच्या हातात ठेवला होता. सुटलो म्हणालो होतो आम्ही. ती चावताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आवडला का म्हणून.

"तुम्ही तिथे उभे होतात नाना," मी ओरडलेच. सासऱ्यांवर मी आयुष्यात त्या एकदाच ओरडले. "तुम्ही का नाही मला थांबवलंत?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, बच्चे चार महिने के बाद घर आरे, दहलीज पे मौत की बात नक्को करो साब."

तेवढ्यात हे बाहेरून आले. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. चेहरा ताठ करून म्हणाले, "वाईट झालं. पण नाना, रझाकारांनी आपल्या लोकांचं काय कमी केलं?"

"माधव," नाना म्हणाले, "ज्यांनी केलं, त्यांच्यातल्या एकाकडून तिने माझा पाय धरवला. तिच्या भावाने कुणाचं काय केलं होतं ते तू मला सांग. मी ऐकतो."

हे उंबऱ्यावरच बसले.

मग नानांनी तो दिवस सांगितला. गावाकडचा एक माणूस तिला शोधत आमच्या दाराशी आला. ती नानांच्या पायाला तेल लावत होती. अर्धवट सोडून गेली, दारात उभ्या उभ्या ऐकलं, परत येऊन बसली आणि उरलेला पाय पुरा केला. मग त्यांना उठवून रोजच्याइतकं चालवलं. एक फेरी कमी नाही, एक जास्त नाही. खाटेवर बसवलं. पाठीशी उशी दिली. आणि मग खोलीच्या बाहेर जाऊन चौकटीवर दोनदा बोट आपटलं.

"मी म्हटलं, आइए. ती आत आली नाही. चौकटीतूनच म्हणाली, साब, आज थोडा आवाज करूं क्या?" नानांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मला वाटलं काही सामान हलवायचंय. मी हो म्हटलं. मग तिने सांगितलं काय झालं ते, आणि अंगणात जाऊन बसली. घरात आजारी माणूस म्हणून रडायची परवानगी मागितली तिने माझ्याकडे. बाहेर रस्त्यावर मिरवणूक चालली होती. बँड वाजत होता. मी उठलो आणि एकटाच चालत जाऊन रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या. एकेक करून, तिन्ही. एवढंच जमलं मला. आधाराशिवाय चाललो तो पहिला दिवस."

त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रहमतबी आली तेव्हा मी तिच्या पायाशी बसले. काय बोलणार? "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणत राहिले. तिने मला उठवलं. "तेरेकू किसने बोल्या?" नानांकडे बघून म्हणाली, "साब, जबान का पक्का आदमी समजी थी मैं तुमना." रागावली ती त्यावरच. पेढ्याचं नावही काढलं नाही.

हे मात्र तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "तिकडे आता कोण आहे तुमचं?"

"थोरली बहीण. विहिरीतून जिती काढली म्हनत्यात. मांडी मोडली. तालुक्याच्या दवाखान्यात हाय की न्हाई, कुनाला ठाव."

ह्यांचं नाव तेव्हा चांगल्या यादीत होतं. नव्या अंमलदारांत दोघे ओळखीचे निघाले. ह्यांनी परवाना काढला, एका लॉरीत जागा मिळवली आणि निघाले. चौथ्या दिवशी त्या बाईला घेऊन परतले, तिला इथल्या दवाखान्यात पोचवलं आणि घरी येऊन अंगणात बसून राहिले. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. शेवटी म्हणाले, "सगळी वाट ती बाई एक शब्द बोलली नाही. मी बोललो की डोळे मिटून घ्यायची. मी मराठीत बोलत होतो ना." आणि मग, "मी त्या गावची विहीर बघून आलो." त्यानंतर ह्यांनी पुन्हा कधी त्या विषयावर 'पण' म्हणून वाक्य सुरू केलं नाही.

नानांना आता कुणाची गरज नव्हती. बहीण दवाखान्यातून सुटायच्या वेळी नाना म्हणाले, "त्यांना इथेच आणा. मागची खोली रिकामी आहे." रहमतबीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नक्को साब. तुमचा मरीज तुमच्या घरी बरा झाला. मेरा मरीज मेरे घर में."

ती यायची थांबली. दीड महिन्याने नाना म्हणाले, आपण जाऊन बघून येऊ. सायकलरिक्षाने आम्ही दोघं अंबरपेठेत गेलो. मी जुनी मऊ धोतरं धुऊन घडी करून नेली होती. एकच खोली, दाराला निळा पडदा. नानांनी चौकटीवर दोनदा बोट आपटलं. "आइए साब," आतून आवाज आला. नाना आत गेले. त्यांच्यामागून मी पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "रहमतबी, मी पण आलेय हो."

खाटेवर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. रहमतबीसारखीच हाडापेराने मोठी. तिने माझा आवाज ऐकला. मग माझं लुगडं बघितलं, कपाळावरचं कुंकू बघितलं. तिच्या घशातून कसलासा आवाज निघाला आणि ती मोडक्या पायासकट मागे मागे सरकायला लागली, भिंतीपर्यंत, आणि भिंत लागल्यावरही थांबेना. दोन्ही हात डोक्यावर धरून माझ्याच भाषेत म्हणत होती, "नगा हो बाई, नगा, लेकरं हायती आत."

मी वीस वर्षांची होते. आयुष्यात मला कुणी कधी भ्यालं नव्हतं.

रहमतबी उठून माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या हातातली धोतरं तिने घेतली, माझ्या खांद्याला धरून मला हळूच वळवलं आणि म्हणाली, "बाहर बैठ बेटी. तेरा कसूर नहीं. उसका भी नहीं." आणि पडदा ओढून घेतला.

मी शेजारच्या पायरीवर बसले. आत नाना उर्दूतून सावकाश काहीतरी बोलत होते. हळूहळू तो घशातला आवाज थांबला. पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी अंबरपेठ सोडून गेल्याचं कळलं. कुणी म्हणालं गुलबर्ग्याला, कुणी म्हणालं आणखी कुठे. नाना पुढे सात वर्षं जगले, अगदी शेवटपर्यंत आपल्या पायांवर. रहमतबीचा पत्ता मात्र त्यांना लागला नाही.

मला ती शेवटची दिसली ती तिथेच, त्या पायरीवरून. वारा आला आणि पडदा थोडा हलला. थोरल्या बहिणीचे दोन्ही हात तिच्या गळ्यात होते. बहिणीचे डोळे घट्ट मिटलेले. रहमतबीची पाठ माझ्याकडे होती, लाल वेणी सुटलेली, आणि ती एकेक पाऊल मागे घेत दाराच्या दिशेने येत होती. पाय उचलायच्या आधी प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. तिच्या गावच्या मराठीत ती बहिणीला पावलं मोजून दाखवत होती. एक. दोन. तीनवर बहीण थांबली, आणि रहमतबीही तिला धरून, तिच्याइतकीच वाकून, तिथेच उभी राहिली.